नऊ वर्षांचं वॉशिंग मशीन दुरुस्त केलं, त्यानंतरचे आठ महिने

हे लिहिताना मशीन शेजारच्या खोलीत स्पिनला आहे आणि मधलं दार उघडं आहे. आठ महिन्यांपूर्वी स्पिन सुरू झालं की त्याच घरात फोनवर बोलता येत नव्हतं. नवीन घ्यायचं जवळजवळ ठरलंच होतं. ते का रद्द केलं आणि पुढे काय झालं, ते सविस्तर लिहिते.

मशीन फ्रंट लोड (दार पुढून), ७ किलो, १२०० आरपीएम (स्पिनला मिनिटाला १२०० फेरे), २०१६ साली घेतलेलं. घरात पाच माणसं, आठवड्यातून पाचदा तरी लावावं लागतं, म्हणजे नऊ वर्षांत २३०० च्या वर धुणी झाली. बाकीचे फीचर्स सगळ्यांना माहीत असतात.

सुरुवात बारीक घरघरीने झाली. कपडे एका बाजूला गोळा झाले असतील म्हणून दोन महिने ते हलवून पुन्हा स्पिन लावत राहिले. मग पांढऱ्या चादरीवर तपकिरी डाग आला, धुऊनही न जाणारा. घरच्या घरी बघायचं तर मशीन बंद करून दार उघडा आणि रिकामा ड्रम हाताने फिरवा. खरखर हाताला जाणवते. मग ड्रमची पुढची कड धरून वर उचलून बघा. बाहेरचा, पाणी धरणारा टब स्थिर राहून नुसता ड्रमच हलत असेल तर बेअरिंगमध्ये, म्हणजे ड्रमचा दांडा ज्यावर फिरतो त्या गोळ्यांच्या कड्यात, प्ले (सैलपणा) आलाय. आमचा चांगला बोटभर हलत होता.

सर्व्हिस सेंटरला कॉल टाकला. माणूस आला, रिकामं मशीन स्पिनला लावलं आणि मागचं झाकणही न काढता म्हणाला, "बेअरिंग गेलंय. सुटं येत नाही, पूर्ण टब असेंब्ली बदलावी लागेल." निदान बरोबर होतं, हे मान्य करते. पण इस्टिमेट आलं नव्या मशीनच्या किमतीच्या साठ टक्क्यांचं. "मॅडम, नऊ वर्षं झालीत, नवीनच घ्या," असं सांगून व्हिजिट चार्जेसची पावती हातात दिली.

दुरुस्ती नव्याच्या निम्म्या किमतीवर गेली की नवीन घ्यावं, हा हिशोब मीही आजवर मानत आले. पण या खेपेला तो मांडताना मी अडले. बिघडली होती दोन बेअरिंगं आणि पाणी अडवणारं एक रबरी सील. किंमत लावली होती प्लास्टिकचा टब, स्टीलचा ड्रम, त्याला मागून धरणारा तीन हातांचा स्पायडर आणि शाफ्ट (ड्रमचा दांडा) या सगळ्याची, आणि यातलं काहीही मोडलेलं नव्हतं. बिघाड तोच, पण सुटा भाग बदलला तर एक आकडा आणि असेंब्ली बदलली तर त्याच्या कितीतरी पट. मग निम्म्याचा हिशोब कोणत्या आकड्यावर करायचा?

ओळखीतल्या एका मेकॅनिकने फोनवरच विचारलं, "ताई, टबला स्क्रू आहेत का? तेवढं आधी बघा." या प्रश्नाने माझा निर्णय फिरवला, म्हणून त्यावर जरा जास्त लिहिते. फ्रंट लोडचा बाहेरचा टब दोन अर्ध्यांचा बनलेला असतो. काही मॉडेल्समध्ये ते अर्धे मधे रबर घालून स्क्रूने आवळलेले असतात, तर काहींत प्लास्टिक वितळवून कायमचे चिकटवलेले असतात. स्क्रूवाला टब उघडतो आणि आतलं बेअरिंग बदलता येतं. चिकटवलेला टब करवतीने कापावा लागतो, मग सिलिकॉन भरून नवे स्क्रू मारावे लागतात. तसं करून देणारेही आहेत, पण पुढे गळती लागणार नाही याची खात्री कोण देणार?

आमच्या मशीनचं वरचं झाकण मागच्या दोन स्क्रूंवर असतं. प्लग काढला, झाकण सरकवलं, टॉर्च मारला. टबच्या कडेने ओळीने स्क्रू दिसले, वरून नजरेला पडले तेवढेच अकरा मोजले. टब उघडण्यासारखा होता, आणि घरी आलेल्या माणसाने तो बघितलासुद्धा नव्हता.

तरी दुकानात एक चक्कर मारली. नवीन मशीन घ्यायचंच झालं तर निदान उघडणाऱ्या टबचं मिळावं, एवढीच इच्छा. चार कंपन्यांची मशीनं मांडलेली होती. प्रत्येकापाशी एकच विचारलं, टब स्क्रूचा की चिकटवलेला? कुणालाही सांगता आलं नाही. कागदावरही कुठे नाही. मोटरच्या १० वर्षांच्या वॉरंटीचं स्टिकर मात्र ठळक. इन्व्हर्टर मोटरला कार्बन ब्रश नसतात, त्यामुळे तिच्यात झिजण्यासारखं तसंही थोडंच असतं. झिजतात ती बेअरिंगं आणि सील, आणि त्यांच्याबद्दल एक ओळ नाही. या गोष्टीचा राग माझ्या मनातून अजून गेलेला नाही. आपण एवढे पैसे मोजतो, तर वस्तू उघडते की नाही हे आपल्याला घेण्याआधी कळायला हवं.

शेवटी त्याच मेकॅनिकला बोलावलं. काम पाच तास चाललं. काँक्रीटची वजनं, हीटर, पाइप, मोटर असं एकेक सुटत गेलं आणि टब जमिनीवर आला. उघडल्यावर कारण समोरच दिसलं. फ्रंट लोडचा ड्रम फक्त मागच्या बाजूने धरलेला असतो, सगळा भार त्या दोन बेअरिंगांवर. १२०० च्या स्पिनला कपड्यांवर त्यांच्या वजनाच्या साडेतीनशे पटींहून जास्त जोर येतो, आणि कपडे एका बाजूला असले की तो फटका थेट बेअरिंगला बसतो. तरी ते लोखंड वर्षानुवर्षं टिकतं, कारण त्याच्यापुढे सील असतं. त्या सीलची ओठासारखी कड कडक होऊन चिरली होती. तिथून साबणाचं पाणी आत गेलं, ग्रीस धुऊन निघालं आणि गोळ्यांना गंज चढला. चादरीवरचा डाग त्याचाच.

बेअरिंगवर नंबर कोरलेले होते, ६२०५ आणि ६२०६. हे त्या कंपनीचे खास नंबर नव्हेत, जगभर हीच मापं चालतात. शेवटच्या दोन आकड्यांना पाचने गुणलं की आतल्या भोकाचं माप मिलिमीटरमध्ये मिळतं: २५ आणि ३०. म्हणजे ‘सुटं येत नाही’ असं मला ज्याबद्दल सांगितलं, ते बेअरिंगच्या कुठल्याही दुकानात मिळतं. सील तेवढं माप दाखवून शोधावं लागलं.

जुनी बेअरिंगं ठोकून काढण्याआधी त्याने स्पायडर तपासला. हा भाग ॲल्युमिनियमचा असतो. स्टीलच्या ड्रमला जोडलेला आणि वर साबणाचं अल्कली पाणी, त्यामुळे तो खात जातो. आमच्याकडे राखाडी भुकटी जमली होती. ती खरवडून तिन्ही हात स्क्रूड्रायव्हरने दाबून बघितले, शाबूत निघाले. "यात चीर असती तर मीच नवीन घ्या म्हटलं असतं," हे त्याचं वाक्य मला आवडलं. शाफ्टवर सील घासून बारीक रेघ पडली होती, ती पॉलिश केली. सगळं मिळून खर्च आला नव्या मशीनच्या साधारण आठव्या हिश्शाएवढा.

इथपर्यंत पहिल्याच महिन्यात लिहून ठेवलं होतं. त्यातला उत्साह नंतर थोडा उतरला, म्हणून पुढचं वेगळं लिहिते.

पाचव्या आठवड्यात मशीनखाली पाणी दिसलं. टबच गळतोय असं वाटून रात्रभर झोप नीट लागली नाही. निघालं असं की दाराच्या रबराला आवळणारी तार खालच्या बाजूला नीट बसली नव्हती. मेकॅनिकने येऊन पंधरा मिनिटांत बसवून दिली, पैसे घेतले नाहीत. चूक त्याचीच होती, पण बोलावल्यावर लगेच आला, आणि माझ्यासाठी ते पुरेसं आहे.

चौथ्या महिन्यात स्पिनला पुन्हा खडखड. या वेळी मात्र मी मनोमन हरले होते, नवीन मशीनचे भावही बघितले. मग ड्रम हाताने फिरवला तर आवाजच नाही. स्पिन चालू असताना ड्रेन पंपही (पाणी बाहेर टाकणारा) चालतो, हे तेव्हा डोक्यात आलं. खालचा फिल्टर उघडला तर एक केसांची पिन आणि एक नाणं. काढलं, आवाज बंद. असा आवाज आला की आधी फिल्टर बघावा, म्हणजे व्हिजिटचे पैसे वाचतात.

माझं एक मत मात्र बदललं. टब बाहेर असताना मेकॅनिक म्हणाला होता की शॉक ॲब्सॉर्बर (टबचे हादरे शोषणारे दांडे) सैल झालेत, आत्ताच बदला. मी पैसे वाचवायचे म्हणून नाही म्हटलं. आता जाड टॉवेल टाकले की शेवटच्या स्पिनला मशीन दोन बोटं पुढे सरकतं. तो हिसका नव्या बेअरिंगलाही बसतोच. टब एकदा बाहेर काढलाच असेल तर शॉक ॲब्सॉर्बर त्याच दिवशी बदलावेत, तिथे मी चुकीची काटकसर केली.

नव्या मशीनने वीज वाचते, असंही काहींनी सांगितलं. वॉशिंग मशीनची बहुतेक वीज पाणी तापवण्यात जाते. आम्ही जवळजवळ सगळं थंड पाण्यातच धुतो, त्यामुळे आमच्या हिशोबात तो मुद्दा फारसा बसला नाही. सवयी मात्र बदलल्या. पावडर आधी दुप्पट पडत होती, ती मोजून टाकते. महिन्यातून एकदा ६० अंशांवर रिकामं चालवते. धुणं झाल्यावर दार उघडं ठेवते.

युरोपियन युनियनमध्ये १ मार्च २०२१ पासून नियम आहे की वॉशिंग मशीनचे ठरावीक सुटे भाग, त्या मॉडेलचं शेवटचं मशीन बाजारात आल्यानंतर किमान १० वर्षं मिळाले पाहिजेत. यादीत ड्रम, स्पायडर आणि बेअरिंगही आहे. वाचून फार बरं वाटलं होतं. पण तिथेच लिहिलंय की हे भाग सुटे किंवा एकत्र, कसेही दिले तरी चालतील. म्हणजे ‘पूर्ण असेंब्लीच घ्या’ हे उत्तर तिथेही नियमात बसतं. हा ‘किंवा’ निघाला पाहिजे असं मला मनापासून वाटतं.

टब चिकटवलेला असता, किंवा स्पायडरला चीर असती, तर मी नवीनच घेतलं असतं. गेल्या महिन्यात शेजारच्यांच्या मशीनलाही अशीच घरघर लागली. मी टॉर्च घेऊन गेले. त्यांच्या टबला एकही स्क्रू नव्हता, कडेने नुसती वितळवलेली शिवण. मशीन सहा वर्षांचं. त्यांनी नवीन घेतलं आणि मला त्यांना थांबवण्यासारखं काही सांगता आलं नाही.

आमच्या मशीनचे शॉक ॲब्सॉर्बर मागवले आहेत, येत्या रविवारी बसतील. ते मागचं झाकण काढून खालून बदलता येतात म्हणे, टब काढावा लागणार नाही. बसल्यावर टॉवेल टाकून बघेन आणि इथेच खाली लिहीन.