नगरपरिषदेची तक्रार सेवा : खिडकीला चार, ॲपला दीड

आमची पिठाची गिरणी खाडीकडे उतरणाऱ्या रस्त्यावर आहे. पावसाळ्यात तिथे रस्ता कुठे संपतो नि गटार कुठे सुरू होतं ते दिसत नाही. वाडीतली आम्ही काही घरं मिळून गेली काही वर्षं नगरपरिषदेकडे तक्रारी करतोय. शहराचं नाव लिहीत नाही, कारण माझं भांडण कुणा एका माणसाशी नाही. पण ही सेवा वापरणाऱ्याला काय मिळतं, ते कळायला हवं.

आधी ॲप. फोटो टाकता येतो, जागाही आपोआप येते, इथवर ठीक. मग विचारतं, तक्रार रस्त्याची की गटाराची? दोनपैकी एकच निवडता येते, आणि सगळी गडबड इथेच आहे. आमचा खड्डा पडतो तोच मुळी मोरी, म्हणजे रस्त्याखालून पाणी जायची वाट, तुंबते म्हणून. वरच्या सड्यावरून, म्हणजे कातळाच्या माळावरून, लाल माती, झावळ्या, नारळाची सोडणं, प्लास्टिक सगळं खाली येतं, मोरीच्या तोंडाशी अडकतं आणि पाणी रस्त्यावर चढतं. डांबराखाली पाणी शिरलं की खडी सुटणारच. आम्ही ‘रस्ता’ निवडला की टेम्पो येतो, भर पावसात खडी-डांबर ओततो, फोटो काढून जातो. लगेच मोबाईलवर मेसेज : तक्रार निकाली काढण्यात आली आहे. काम झालं का, हे तक्रार करणाऱ्याला कुणी विचारत नाही. पुढच्या मोठ्या सरीला ती खडी आमच्या पायरीशी येते.

कागदी अर्जाची खिडकी मात्र मला मनापासून आवडली. अर्जाच्या दोन प्रती न्यायच्या, दुसरीवर शिक्का, तारीख आणि आवक क्रमांक घालून पोच मिळते. तिथल्या ताईंनी आमचा पहिला अर्ज वाचून सांगितलं, “काकू, ‘रस्ता खराब आहे’ एवढंच नका लिहू. कुठल्या पोलपासून कुठल्या पोलपर्यंत, ते लिहा.” विजेच्या खांबांचे नंबर घातले आणि अर्ज प्रथमच अभियंत्याच्या टेबलावर पोचला.

पाहणीला साहेब आले ते ओहोटीला, उघडिपीत. गटार वाहत होतं, ‘ठीक आहे’ म्हणाले. आम्ही हट्ट धरला की अमावास्येच्या उधाणाला या. आले, आणि खाडीचं पाणी मोरीतून उलटं वर चढताना त्यांनी स्वतः पाहिलं. रत्नागिरीच्या बाजूला वर्षाला तीन हजार मिलिमीटरच्या वर पाऊस, तोही बहुतेक चार महिन्यांत. त्यात भरती आली की पाण्याला जायला वाट नाही. त्या दिवसानंतर अंदाजपत्रकात रस्ता, गटार आणि मोरी एकत्र आली. त्या तरुण अभियंत्याचं मला कौतुक आहे. गमबूट घालून तो पाण्यात उभा राहिला होता.

एक मागणी अजून मान्य नाही. दर वेळी जुन्या रस्त्यावरच नवा थर चढवतात, त्यामुळे रस्ता उंच आणि आमच्या पडव्या खाली. जुना थर आधी खरवडून काढा, एवढंच म्हणणं आहे.

कुणाला उपयोग होईल म्हणून लिहिते. रस्ते आणि गटारं ही 1965 च्या नगरपरिषद अधिनियमाप्रमाणे परिषदेची बंधनकारक कामं आहेत, तेव्हा उपकार मागतोय असं समजू नका. माहिती अधिकाराचा अर्ज 10 रुपयांत होतो, उत्तराची मुदत 30 दिवस. त्यात कार्यादेश (ठेकेदाराला दिलेला कामाचा आदेश), मोजमाप पुस्तिकेची (झालेल्या कामाच्या मापांच्या नोंदवहीची) प्रत आणि दोष दायित्व कालावधी (काम बिघडलं तर ठेकेदाराने स्वतः दुरुस्त करायची मुदत) मागा. आमचा रस्ता त्या कालावधीतच उखडला होता, म्हणजे दुरुस्ती ठेकेदाराच्या खर्चाने व्हायला हवी होती. हे कागद हातात आल्यावरच कळलं. तालुक्याचा लोकशाही दिन, म्हणजे अधिकारी लोकांच्या तक्रारी ऐकतात तो दिवस, महिन्याच्या तिसऱ्या सोमवारी असतो, जिल्ह्याचा पहिल्या सोमवारी. तिथे तक्रार वैयक्तिक स्वरूपाची लागते, म्हणून आम्ही सगळ्यांच्या सह्यांचं एक निवेदन न देता प्रत्येकाने आपापलं लिहिलं. माझ्या अर्जात गिरणीच्या मोटरीपर्यंत आलेलं पाणी होतं, शेजारच्या आजींच्या अर्जात त्यांची विहीर.

आणि अर्ज दिवाळीनंतर लगेच द्या. अंदाजपत्रक, मंजुरी, निविदा यातच महिने जातात आणि मृग लागला की खोदकाम थांबतं.

खिडकीला पाचपैकी चार, पाहणीला तीन, ॲपला दीड. तक्रारदाराचा होकार घेतल्याशिवाय तक्रार बंद होणार नाही अशी सोय केली, तर ॲपचे गुण मी आनंदाने वाढवीन. भरतीचं पाणी आत येऊ नये म्हणून मोरीच्या तोंडाला झडप बसवायचं साहेबांनी कबूल केलंय. ती बसली की इथे लिहीनच.