नारळातून येणारा फेस: बीटेन घ्यावं की ग्लुकोसाइड?

'सल्फेट नाही, नारळापासून बनवलेलं' असं छापलेला फेसवॉश किंवा शाम्पू उलटून मागची यादी वाचली, की बहुतेक वेळा फेस आणून मळ काढणाऱ्या द्रव्यांची दोन नावं भेटतात: कोकामिडोप्रोपिल बीटेन आणि कोको ग्लुकोसाइड. दोन्हींची सुरुवात खोबरेल तेलातून होऊ शकते. पण सोडियम लॉरिल सल्फेटही त्याच तेलापासून बनतं, आणि त्वचेचा दाह मोजणाऱ्या चाचण्यांत मुद्दाम तेच लावतात. त्यामुळे नुसता 'नारळ' शब्द वाचून भुलू नका.

बीटेनचा फेस भरपूर आणि मऊ असतो. सल्फेटच्या जोडीला घातलं तर त्याचा तिखटपणा उतरतो, म्हणून लहान मुलांच्या शाम्पूतही ते सापडतं. खरी अडचण घडणीत आहे. तेलातल्या मेदाम्लांची डायमिथिलअमिनोप्रोपिलअमीनशी अभिक्रिया करून आधी अमिडोअमीन तयार होतं आणि मग त्याचं बीटेन करतात. शुद्धतेकडे दुर्लक्ष झालं तर या दोन्हींचा अंश मालात उरतो. ॲलर्जी बहुतेकदा त्या अंशाची असते, नारळाची नव्हे. पापण्या, चेहरा, मान, डोक्याची त्वचा इथे खाज उठते. अमेरिकन कॉन्टॅक्ट डर्मटायटिस सोसायटीने २००४ साली बीटेनला 'वर्षाचं ॲलर्जन' (ॲलर्जी आणणारा पदार्थ) ठरवलं होतं.

ग्लुकोसाइड बनवताना ते अमीन लागतच नाही. मेद-अल्कोहोल आणि ग्लुकोज पुरतं. फेस मात्र बेताचा, आणि केस धुतल्यावर राठ वाटू शकतात. तेही अगदी निर्धोक नाही: २०१७ साली तोच मान अल्किल ग्लुकोसाइड गटाला मिळाला.

कोकामाइड डीईए हे तिसरं, मिळतंजुळतं नाव. जागतिक आरोग्य संघटनेच्या कर्करोग संशोधन संस्थेने ते 'माणसात कर्करोगकारक असण्याची शक्यता' असलेल्या २बी गटात टाकलं आहे. पर्याय इतके असताना ते मी घेणार नाही.

त्वचा कधी कुरकुर करत नसेल तर बीटेन खुशाल वापरा; धुऊन टाकायच्या वस्तूत बहुतेकांना ते सोसतं. पापण्यांना वा मानेला पुन्हापुन्हा खाज येत असेल, तर ग्लुकोसाइडवाली, बिनसुगंधी बाटली निवडा आणि त्वचारोगतज्ज्ञांकडून पॅच टेस्ट (संशयित पदार्थ त्वचेवर चिकटवून ॲलर्जी तपासणं) करून घ्या. बीटेनच्या टेस्टमध्ये येणारी हलकी लाली कधीकधी नुसता दाह असते, म्हणून अमिडोअमीन आणि डायमिथिलअमिनोप्रोपिलअमीनचीही वेगळी टेस्ट होईल का, हे त्यांना जरूर विचारा.