एल्डन रिंगमध्ये क्लास कोणता घ्यावा: बरेच महिने खेळल्यानंतरचा हिशेब

पहिल्या स्क्रीनवर दहा क्लास, म्हणजे सुरुवातीची तयार पात्रं, दिसतात आणि बहुतेक जण तिथेच अर्धा तास घालवतात. बरेच महिने, वेगवेगळ्या क्लासने गेम शेवटपर्यंत नेल्यावर मत असं झालंय की क्लास म्हणजे पहिल्या दहा-पंधरा तासांची सोय. पन्नास तासांनंतर तुम्ही सामुराई म्हणून सुरुवात केली होती की व्हॅगाबॉन्ड म्हणून, हे स्टॅट स्क्रीन उघडल्याशिवाय कळत नाही. पण ते पहिले तास कसे जातात यावर पुष्कळांचा गेम टिकतो किंवा सुटतो, म्हणून निवड फालतूही नाही.

आधी गणित समजून घ्या, कारण यूट्यूबवरचे निम्मे वाद त्यानेच मिटतात. कुठल्याही क्लासच्या आठही स्टॅटची (व्हिगर म्हणजे हेल्थ, माइंड म्हणजे जादूसाठीची शक्ती, एन्ड्युरन्स म्हणजे दम, स्ट्रेंग्थ म्हणजे ताकद, डेक्स म्हणजे चपळाई, इंट आणि फेथ जादूचे, आणि आर्केन) बेरीज करा, ती त्याच्या लेव्हलमध्ये ७९ मिळवल्यावर येते तेवढीच निघते. व्हॅगाबॉन्ड लेव्हल ९, बेरीज ८८. ॲस्ट्रॉलॉजर लेव्हल ६, बेरीज ८५. रेच लेव्हल १, सगळे स्टॅट १०, बेरीज ८०. म्हणजे कुठल्याच क्लासला फुकटात काही मिळालेलं नाही. फरक इतकाच की पॉइंट कुठे ठेवलेत. जे स्टॅट तुम्ही कधीच वापरणार नाही तिथले पॉइंट वाया गेले, आणि ते परत काढता येत नाहीत. राया लुकारिया अकॅडमीत रेनाला या बॉसला हरवल्यावर लार्व्हल टिअर ही वस्तू देऊन रिस्पेक, म्हणजे पॉइंटची नव्याने वाटणी, करता येतो, पण क्लासच्या मूळ आकड्याच्या खाली कुठलाही स्टॅट जात नाही. हीरोचं आर्केन ११ आहे, ते ११ च राहणार.

आता हा तोटा किती मोठा? ग्रेटस्वर्ड घ्या, ही जड तलवार केलिड भागात मोडक्या गाडीच्या पेटीत मिळते. तिला स्ट्रेंग्थ ३१ आणि डेक्स १२ लागतं. दोन हातांनी धरली की स्ट्रेंग्थ दीडपट मोजली जाते, त्यामुळे २१ वर काम भागतं. हीरो १६ वरून २१ ला जातो, डेक्स ९ वरून १२, लेव्हल १५ ला तलवार हातात. व्हॅगाबॉन्डला हेच लेव्हल १६ ला जमतं. सामुराईला १८ ला. आणि पुढे लेव्हल १५० पर्यंत इंट, फेथ, आर्केनला हात लावला नाही आणि डेक्स १२ च्या पुढचं वायाच धरलं, तर हीरो आणि व्हॅगाबॉन्डमध्ये वाया गेलेले पॉइंट शेवटी अगदी सारखे पडतात. सामुराई फक्त दोन लेव्हल मागे. दीडशेत दोन. यावर कोणी रात्री एक वाजेपर्यंत भांडत असेल तर भांडू द्या.

मूनव्हेल या जादूच्या कटानाचंही (जपानी तलवार) तसंच. स्ट्रेंग्थ १२, डेक्स १८, इंट २३ पाहिजे. प्रिझनर आणि ॲस्ट्रॉलॉजर दोघंही लेव्हल २३ ला तिथे पोहोचतात, सामुराई २६ ला. फरक असा की तिथे पोहोचल्यावर प्रिझनरचं व्हिगर ११ आणि एन्ड्युरन्स ११ असतं, ॲस्ट्रॉलॉजरचं दोन्ही ९. ॲस्ट्रॉलॉजरकडे त्याबदल्यात माइंड तीनने जास्त. कटाना घेऊन जवळ जायचं असेल तर प्रिझनर बरा, हे उघड आहे. तरी मूनव्हेलसाठी सगळे सामुराईच सुचवतात, कारण त्याचा ड्रेस भारी आहे. कारण म्हणून ते वाईटही नाही.

नवख्याने काय घ्यावं? व्हॅगाबॉन्ड. कारण एकच, त्याची हीटर शील्ड. ती फिजिकल मार शंभर टक्के अडवते. ढाल वर ठेवा, मार बसू द्या, लगेच जड हल्ल्याचं बटण दाबा की गार्ड काउंटर बसतो आणि समोरचा शिपाई गुडघ्यावर येतो. सुरुवातीच्या लिमग्रेव्ह भागातले निम्मे शत्रू एवढ्यावर निघतात. सामुराईची गोल ढाल इतकं अडवत नाही, प्रत्येक वारात थोडी हेल्थ गळते, आणि ढालीवर विश्वास ठेवणाऱ्याला ते उशिरा लक्षात येतं. हाच गुण कन्फेसरच्या ढालीतही आहे, शिवाय त्याच्याकडे छोटी हीलिंग आहे. पण कन्फेसरचं व्हिगर १०, व्हॅगाबॉन्डचं १५. हेल्थमध्ये बोलायचं तर ४१४ आणि ५२२. सुरुवातीला हा फरक म्हणजे एक जास्तीचा फटका झेलता येणं.

व्हॅगाबॉन्डची एक खोड सांगितलीच पाहिजे. चिलखत, लाँगस्वर्ड, हॅलबर्ड, ढाल हे सगळं अंगावर घेतलं की वजन चढतं. इक्विप लोड (अंगावरचं वजन) ७० टक्क्यांवर गेला की रोल, म्हणजे वार चुकवणारी कोलांटी, जड होतो, माणूस धपकन पडतो आणि उठेपर्यंत दुसरा वार बसतो. लोड ३० च्या खाली असेल तर हलका रोल, ३० ते ७० मध्ये मध्यम, आणि मध्यम पुरेसा आहे. इक्विपमेंट स्क्रीनवर आकडा बघा. जास्त असेल तर आधी हॅलबर्ड काढा, मग हेल्मेट. हेल्मेटने वाचणारा मार नगण्य असतो.

सामुराई दुसऱ्या नंबरवर, आणि ज्यांनी आधी ॲक्शन गेम खेळलेत त्यांच्यासाठी पहिल्या. त्याच्या उचिगाताना तलवारीला रक्तस्राव आहे, म्हणजे वार साचले की एकदम बरीच हेल्थ जाते, हातात धनुष्य आहे, एन्ड्युरन्स १३ म्हणजे स्टॅमिना पुरतो. अनशीद स्किलने म्यानातून काढून मारलेला जड वार पहिल्या काही तासांत इतर क्लासच्या कुठल्याही वारापेक्षा जास्त उपयोगी पडतो. दुसरी उचिगाताना लिमग्रेव्हमधल्याच डेथटच्ड कॅटाकोम्ब्समध्ये पडलेली आहे. ती घेऊन दोन्ही हातांत दोन धरल्या की रक्तस्राव भराभर चढतो. मात्र दोन शस्त्रं धरली की तो दीडपट स्ट्रेंग्थचा फायदा मिळत नाही, हे जड शस्त्रवाले विसरतात.

जादूवाल्यांचं दुखणं वेगळं आहे. ॲस्ट्रॉलॉजर लांबून पेबल ही साधी जादू मारत राहतो, शत्रू जवळ येईपर्यंत निम्मा संपतो, सगळं सोपं वाटतं. मग एखादा कुत्रा मागून येतो आणि व्हिगर ९ चा माणूस दोन चाव्यांत आडवा. यावर उपाय लेव्हल नाही, काठी आहे. ॲगील तलावातल्या ड्रॅगन-बर्न्ट अवशेषांखाली एक पेटी आहे, ती उघडली की सापळा लागतो आणि तुम्ही थेट केलिडमधल्या सेलिया क्रिस्टल टनेलमध्ये. घाबरायचं नाही, बाहेर पडा, घोड्यावर बसा आणि एओनियाच्या दलदलीतल्या स्ट्रीट ऑफ सेजेस अवशेषांकडे निघा. दलदलीत पायी उतरलात की स्कार्लेट रॉट हा हेल्थ खाणारा रोग चढतो, म्हणून टॉरेंटवरून, म्हणजे त्या घोड्यावरून, उतरू नका. तिथे मीटिओराइट स्टाफ आहे, इंट १८ लागतं, स्केलिंग (इंटनुसार वाढणारा जोर) पहिल्यापासून एस, म्हणजे सर्वात वरची श्रेणी. जवळच्या तळघरात रॉक स्लिंग ही जादू, तेही इंट १८ वर चालतं, आणि ही काठी नेमकी त्याच प्रकारच्या जादूचा जोर वाढवते. ॲस्ट्रॉलॉजरला फक्त दोन लेव्हल लागतात, म्हणजे लेव्हल ८ ला तो तयार. प्रिझनरला चार, म्हणजे १३. ही काठी अपग्रेड होत नाही, त्यामुळे पुढे कधीतरी सोडावी लागते, पण तोवर स्मिदिंग स्टोन (शस्त्र सुधारायचे दगड) वाचतात.

बाकीचे थोडक्यात. प्रॉफेट सुंदर कल्पना, पण एन्ड्युरन्स ८ आणि हातात कॅच फ्लेम. ही आग जेमतेम हातभर जाते, तीही ज्याचं व्हिगर १० आहे त्याच्या हातून. फेथ उशिरा फळतं, सबुरी असेल तर घ्या. वॉरियरच्या दोन सिमिटर मजेदार. बँडिटला सगळे नाकं मुरडतात, पण त्याचं डेक्स १३ आणि आर्केन १४ आहे, आणि रेडुव्हिया खंजिराला नेमकं डेक्स १३, आर्केन १३ लागतं. मर्कवॉटर गुहेकडे जाणाऱ्या नाल्यात नेरिजस हल्ला करतो, त्याला मारलं की खंजीर लगेच वापरात. एकही लेव्हल न चढवता इतकं चांगलं शस्त्र दुसऱ्या कुठल्याही क्लासला मिळत नाही.

नागपूरच्या हिशेबाने एक मुद्दा वेगळा लिहावा लागतो. गेमला किमान १२ जीबी रॅम मागितली आहे आणि फ्रेम रेट ६० वर अडवलेला आहे. डिसेंबरात बजेट लॅपटॉप हे ६० पकडतो. नवतपात, बाहेर ४५ अंश असताना, तोच लॅपटॉप तासाभरात गरम होऊन ४० च्या आसपास घसरतो. मग ज्या क्लासचा जीव रोलच्या टायमिंगवर आहे, त्याची पंचाईत होते. शिवाय या गेममध्ये रोल बटण दाबल्यावर नाही, सोडल्यावर होतो, कारण तेच बटण धरून ठेवलं की धावायचं असतं. बटण दाबून धरायची सवय असेल तर उशीर आणखी वाढतो. उन्हाळ्यात ढालवाला क्लास खेळायला बरा, हे म्हणणं हसण्यावारी नेऊ नका. सावल्यांची आणि गवताची क्वालिटी मीडियमवर आणा, लॅपटॉप मागून उचलून ठेवा, आणि कूलरची ओली हवा थेट त्यावर सोडू नका. कूलर खोलीसाठी आहे. कंट्रोलर नागपूरच्या बर्डी बाजारात घेताना दुकानातच खांद्यावरची चारही बटणं लागोपाठ दाबून बघा, गार्ड काउंटर पूर्ण त्यांच्यावर आहे.

लाइन गेली तर गेम सतत सेव्ह करत असल्याने प्रगती सहसा जात नाही, पण फाइल लिहिली जात असतानाच मशीन बंद पडलं तर ती खराब होऊ शकते. ॲपडेटामध्ये रोमिंगच्या आत एल्डनरिंग नावाचं फोल्डर आहे, त्याची कॉपी आठवड्याला पेनड्राइव्हवर टाका.

क्लासपेक्षा पहिल्या टप्प्यात जास्त वजन शस्त्राला आणि व्हिगरला आहे. मार्गिट या सुरुवातीच्या बॉसकडून मार खाऊन क्लास बदलायला निघालेल्यांनी आधी शस्त्र बघावं. साधं शस्त्र +३ पर्यंत न्यायला पहिल्या प्रतीचे स्मिदिंग स्टोन २, ४ आणि ६ असे एकूण १२ लागतात, ते लिमग्रेव्ह टनेल्समध्ये भिंतीतच चमकतात, आणि चर्च ऑफ एलेमधल्या ऐरणीवर तेवढं काम होतं. त्यापुढचं राउंडटेबल होल्ड या तळावरच्या लोहाराकडे. व्हिगरचं म्हणाल तर २५ ला हेल्थ ८००, ४० ला १४५०, ६० ला १९००. म्हणजे २५ ते ४० मध्ये दर पॉइंटला सुमारे ४३ हेल्थ मिळते. इतका फायदा या टप्प्यात कुठलाच हल्ल्याचा स्टॅट देत नाही. कीपसेक (सुरुवातीला निवडायची एक वस्तू) विचारलं तर गोल्डन सीड घ्या, हेल्थ भरणारा फ्लास्क एक वाढतो. बाकी वस्तू वाटेत मिळतातच.

उरला रेच. अंगावर कपडे नाहीत, हातात सोटा, आणि लेव्हल १ असल्यामुळे जास्त लेव्हल चढवता येतात असा समज. उलट आहे. इंट, फेथ, आर्केन तिन्ही १० म्हणजे ३० पॉइंट अडकले, व्हॅगाबॉन्डचे तिथे २५. सुरुवातीची लेव्हल ६७३ रून्सला (शत्रू मारून मिळणारं चलन) मिळते, लेव्हल १५० च्या पुढची एकेक दीड लाखाच्या आसपास जाते, आणि हे पाच पॉइंट त्याच महागड्या टोकाला भरून द्यावे लागतात. एका सेव्हमध्ये दहा पात्रं मावतात. रेचची हौस असेल तर त्यातली एक जागा त्याला द्या, पण पहिली नको. पहिल्या तीन जागांवर व्हॅगाबॉन्ड, सामुराई आणि ॲस्ट्रॉलॉजर बनवा आणि प्रत्येकाला गेटफ्रंटच्या ग्रेसपर्यंत (विश्रांतीची जागा) न्या. मेलिना हे पात्र भेटून लेव्हल चढवता येते ती तिथे, तोपर्यंत तुमच्या हातात फक्त क्लासने दिलेलं सामान असतं. एक रविवार पुरतो.