टाचदुखी: बर्फाची बाटली की तळव्याचा ताण?

दादरच्या पुलाचे जिने आणि लोकलमधला उभ्याचा प्रवास रोज सोसणाऱ्या पायांत, सकाळी अंथरुणातून उठून टाकलेल्या पहिल्याच पावलाला कळ येत असेल, तर दुखणे बहुधा टाचेपासून बोटांपर्यंत जाणाऱ्या तळव्याच्या जाड पट्ट्याचे असते. पाणी गोठवलेली बाटली 10 ते 15 मिनिटे तळव्याखाली फिरवल्यास संध्याकाळचा ठणका लवकर शमतो. मात्र तो आराम तात्पुरता असतो, आणि मधुमेहामुळे पायांची संवेदना कमी झालेल्यांनी बर्फ टाळलाच पाहिजे.

ताणाच्या व्यायामाला धीर लागतो, तरीही माझा कौल त्यालाच आहे. दुखरा पाय दुसऱ्या गुडघ्यावर ठेवून बोटे नडगीच्या दिशेने ओढावीत, तळव्यात ताण जाणवेल तिथे 10 सेकंद थांबावे आणि असे 10 वेळा करावे. रात्रभर आखडलेला हा पट्टा पहिल्या पावलाला एकदम ताणला जातो, म्हणून पहिली फेरी पाऊल जमिनीला टेकण्यापूर्वी अंथरुणातच करणे फार महत्त्वाचे आहे; दिवसभरात आणखी दोन फेऱ्या पुरतात. फरक जाणवायला काही आठवडे जातात, आणि तोवर घरातल्या टणक लादीवर अनवाणी वावरू नये. टाच सुजली किंवा बधिर झाली, तर अस्थिरोगतज्ज्ञांना दाखवावे.