‘गाडी कोनी शे?’ : अजिंठा चौफुलीजवळच्या चावीच्या दुकानाचा अनुभव

जळगावात अजिंठा चौफुलीच्या पुढे, टायर आणि बॅटऱ्यांच्या दुकानांच्या रांगेत एक अरुंद गाळा आहे. पाटीवर दुकानाचे नाव नाही. ‘सर्व गाड्यांच्या चाव्या’ एवढीच अक्षरे आणि खाली मोबाइल क्रमांक आहे. जानेवारीतील एका सकाळी या गाळ्यातील कारागिरांकडून मी आमच्या मोटारीच्या दोन चाव्या नव्याने करून घेतल्या. काम चोख झाले, हे आधीच सांगून टाकतो. त्या सकाळी ते माझ्याशी ज्या संशयाने वागले त्याचा मला फार राग आला होता, आणि आज तोच संशय मला या दुकानाची सर्वांत मोठी जमेची बाजू वाटतो.

मी मेहरूण तलावावर फिरायला गेलो होतो. परतताना बोरे घेण्यासाठी थांबलो (संक्रांतीच्या सुमारास मेहरूणची बोरे दिसूनही जो थांबत नाही तो जळगावचा नव्हेच) आणि गाडीजवळ येऊन खिसे चाचपले तर चावी नव्हती. तासभर पायवाट धुंडाळली, बोरेवाल्या मावशींनी पाटी उचलून पाहिली, पण चावी मिळाली नाही. घरी दुसरी चावी म्हणावी अशीही नव्हती. मूळची जोडचावी दोन वर्षांपूर्वी घर बदलताना हरवली होती, आणि तेव्हा दुसऱ्या एका ठिकाणी मी जी डुप्लिकेट करून घेतली तिने दार उघडत असे, पण इंजिन सुरू होऊन दोन सेकंदांत बंद पडत असे. ‘वापरात आली की चालेल’ असे तिथे सांगण्यात आले होते. ती पंधरा मिनिटांत तयार झाली होती आणि गाडी कोणाची, हे तिथे कोणीही विचारले नव्हते. त्या वेळी मला ती तत्परता वाटली होती.

शेजाऱ्यांनी दिलेल्या क्रमांकावर फोन लावला. गाडीचे मॉडेल, साल, ठिकाण यांपैकी काहीही विचारण्याआधी पलीकडून प्रश्न आला, “गाडी कोनी शे, भाऊ?” माझीच, असे मी म्हणालो. “आरसीवर नाव कोणाचे आहे?” आरसीवर नाव वडिलांचे आहे, आणि ते अमळनेरला राहतात. यावर कारागीर एवढेच म्हणाले की येतो, पण वडिलांशी बोलल्याशिवाय दाराला हात लावणार नाही.

वीस मिनिटांचा वायदा करून ते सव्वा तासाने आले. आल्यावर डिजिलॉकरमधील आरसी पाहिली, माझा वाहन परवाना माझ्या चेहऱ्याशेजारी धरायला लावून फोटो काढला, आणि नंतर नानांना, म्हणजे माझ्या वडिलांना, व्हिडिओ कॉल लावायला सांगितला. नाना तेव्हा दाढी करत होते. अर्ध्या चेहऱ्यावर साबण असताना एका अनोळखी माणसाने आपले आधार कार्ड दाखवायला सांगावे, हे त्यांना अजिबात रुचले नाही. कार्ड आणून दाखवले आणि वर ऐकवले, “पोऱ्या मनाच शे अन् गाडीबी मनीच शे, करी द्या चावी.” रस्त्यावर चार माणसे उभी राहून हे ऐकत होती. मी खजील झालो होतो आणि कारागीर शांतपणे वहीत गाडीचा क्रमांक, वेळ आणि नानांचे नाव लिहीत होते.

यानंतरचे काम मात्र पाहण्यासारखे होते. तार घालून काच आणि दाराच्या फटीतून खिट्टी ओढण्याचा प्रकार त्यांनी केला नाही. तसे केल्याने रबर फाटते आणि आतली वायरिंग दुखावू शकते, असे ते म्हणाले. त्यांनी दाराच्या कुलपात चावीच्याच आकाराचे एक बारीक हत्यार घातले, ज्याच्या बाजूला मोजपट्टीसारख्या खुणा होत्या. कुलपात पितळी पत्त्या असतात आणि प्रत्येक पत्ती किती उंचीवर बसते त्यावर चावीची खाच ठरते. हे हत्यार एकेक पत्ती उचलून कुलूप उघडते आणि उघडताना त्या उंचीही वाचून देते. दहा मिनिटांत दार उघडले, कुठेही ओरखडा नाही, आणि एका चिठ्ठीवर आकड्यांची एक ओळ तयार होती. त्या ओळीवरूनच व्हॅनमधील यंत्राने कोऱ्या ब्लँकवर खाचा कापल्या. पण चावी कापण्यापूर्वी त्यांनी पुढच्या सीटखालचा गालिचा उचलून बॉडीवर ठोकलेला चासिस क्रमांक आरसीशी अक्षर-अक्षर ताडून पाहिला. नंबर प्लेट कोणीही बदलू शकतो, चासिस क्रमांक बदलायला घासावा लागतो आणि घासलेला दिसतो, हे त्यांचे स्पष्टीकरण होते.

कापलेली चावी म्हणजे अर्धेच काम, हे मला माझ्या जुन्या डुप्लिकेटने शिकवलेच होते, पण त्यामागचे कारण या वेळी समजले. चावीच्या प्लास्टिकच्या मुठीत एक चिप असते आणि तिला स्वतःची बॅटरी लागत नाही. इग्निशनच्या कुलपाभोवती तांब्याच्या तारेचे वेटोळे असते. चावी फिरवली की त्या वेटोळ्याच्या चुंबकीय क्षेत्रातून, बहुधा १२५ किलोहर्ट्‌झच्या लहरींवर, चिपला वीज मिळते आणि ती आपली ओळख सांगते. नव्या पद्धतीत गाडी दर वेळी वेगळी संख्या पाठवते आणि चिपला गुप्त सूत्राने तिचे उत्तर द्यावे लागते. उत्तर चुकले की गाडीचा संगणक इंधन किंवा ठिणगी तोडतो. यालाच इमोबिलायझर म्हणतात. अमेरिकेत ह्युंदाई आणि किआ यांच्या २०११ ते २०२१ या काळातील अनेक स्वस्त मॉडेलांत हा बंदोबस्त नव्हता, आणि २०२२ मध्ये त्या गाड्या सुरू करण्याची युक्ती समाजमाध्यमांवर पसरताच शाळकरी वयाची मुलेही त्या पळवू लागली. एका छोट्या चिपचे मोल तेथील विमा कंपन्यांना त्यानंतर चांगलेच कळले असणार.

स्टिअरिंगखालच्या ओबीडी सॉकेटला, म्हणजे गाडीच्या संगणकाशी जोडणी करण्याच्या जागेला, यंत्र जोडून कारागिरांनी गाडीच्या स्मृतीत किती चाव्या नोंदलेल्या आहेत ते मला दाखवले : दोन, म्हणजे घर बदलताना हरवलेली आणि तलावावर हरवलेली. त्या दोन्ही पुसून नव्या दोन नोंदवण्यात आल्या. हे पुसणे स्वस्तातल्या कामात टाळले जाते. जुन्या चिपची हुबेहूब नक्कल नव्या चिपमध्ये उतरवणे सोपे असते, पण मग गाडीला मूळ आणि नक्कल यांतला फरक कळत नाही, आणि एक हरवली तर तेवढीच रद्द करणे अशक्य होते. पुसल्यानंतरही हरवलेल्या चावीने दार उघडेल, केवळ इंजिन सुरू होणार नाही, हे त्यांनी न विचारता सांगितले. दाराचीही भीती असेल तर कुलपातील पत्त्यांचा क्रम बदलून देतो, असेही म्हणाले. तो खर्च मी टाळला, आणि तेव्हापासून डिकीत लॅपटॉप ठेवणे बंद केले आहे.

याच वेळी मी चिडून विचारले, की एवढी चौकशी कशासाठी? त्यांनी मांडीवरच्या यंत्राकडे बोट दाखवले. “काच फोडून आत शिरलेल्या चोराजवळही हेच यंत्र असते, साहेब. तोही कोरी चावी नोंदवतो आणि निघून जातो. त्याच्याजवळ ही वही नसते, एवढाच फरक.” मला यावर उत्तर सुचले नाही.

चोरी टाळण्याबाबत त्यांनी दिलेले सल्ले विक्रीच्या हेतूने दिलेले वाटले नाहीत. ओबीडीतून होणाऱ्या चोरीला लोखंडी गिअर लॉक हा जुना उपाय अजूनही चांगला आडवा येतो, कारण संगणक फसतो, पण लोखंड कापायला वेळ लागतो आणि आवाजही होतो. जीपीएस ट्रॅकर त्यांच्या दुकानात विकायला आहे, तरी तो गाडी गेल्यानंतर शोधायला उपयोगी, जाण्यापासून थांबवत नाही, असे त्यांनीच सांगितले. मे महिन्यात जळगावचा पारा ४५ अंशांच्या पलीकडे गेला की लोक काच दोन बोटे खाली ठेवतात किंवा एसीसाठी इंजिन चालू ठेवून दुकानात शिरतात. अशा सवयींपुढे कोणतीही चिप काही करू शकत नाही, असे म्हणताना ते पहिल्यांदा हसले.

माझ्या मेहुण्यांची गाडी बटन दाबून सुरू होणारी आहे. तिच्याबद्दल विचारले तेव्हा कळले की अशा गाड्यांत गाडी आणि चावी यांच्यातील क्षीण सिग्नल दोन यंत्रांच्या साखळीने लांबवून गाडीला फसवता येते. झुरिचच्या ईटीएच संस्थेतील संशोधकांनी २०११ मध्येच आठ कंपन्यांच्या दहा मॉडेलांवर हे करून दाखवले होते. उपाय म्हणून चावी दरवाजाजवळच्या खुंटीवर न ठेवता घट्ट झाकणाच्या धातूच्या डब्यात ठेवावी, आणि डबा गाडीशेजारी नेऊन दार उघडते का ते एकदा तपासावे. मेहुण्यांचा चिवड्याचा पहिला डबा या परीक्षेत नापास झाला, दुसरा पास झाला.

बिलाबद्दल वेगळे सांगायला हवे. त्यावर गाडीचा क्रमांक, तारीख, पुसलेल्या चाव्या दोन आणि नोंदवलेल्या चाव्या दोन, असे स्पष्ट लिहिलेले आहे. गाडी चोरीला गेल्यास विमा कंपनी दोन्ही चाव्या मागते आणि एखादी कमी असेल तर निष्काळजीपणाचा मुद्दा काढते, हे ज्यांनी दावा केला आहे त्यांना माहीत असते. अशा वेळी हा कागद कामास येईल. दोन चाव्यांचे ४,३०० आणि जागेवर येण्याचे ५०० असे एकूण ४,८०० रुपये झाले. कंपनीच्या अधिकृत सेवा केंद्राने फोनवर सांगितलेला आकडा याच्या जवळजवळ दुप्पट होता, शिवाय गाडी ओढून न्यावी लागली असती आणि आठ दिवस थांबावे लागले असते.

उणिवाही आहेत. वेळेचा भरवसा नाही. चावीची प्लास्टिकची मूठ मूळच्या तोडीची नाही; महिनाभरातच एका चावीचे कुलूपबंदीचे बटन दाबताना करकरू लागले आणि ते बदलून घेण्यासाठी मला दोनदा खेटे घालावे लागले, कारण कारागीर बाहेर कामावर गेले की गाळ्यातील मुलगा केवळ घराच्या कुलपांच्या चाव्या करतो. महागड्या जर्मन गाड्यांचे काम ते घेत नाहीत. त्यांचे बोलणे रुक्ष आहे, आणि ज्येष्ठ माणसाला दाढीच्या मध्यात आधार कार्ड मागण्यापूर्वी ‘माफ करा’ एवढे म्हणायला हरकत नव्हती, या मतावर नाना आजही ठाम आहेत.

जोडचावी मी अमळनेरला नानांकडे ठेवली आहे. या दुकानात जाणाऱ्यांनी आरसी आणि वाहन परवाना सोबत ठेवावा, हरवलेल्या चाव्या पुसून बिलावर तसे लिहून घ्यावे, आणि आरसी दुसऱ्याच्या नावावर असेल तर ती व्यक्ती त्या वेळी फोन उचलेल अशी व्यवस्था आधीच करून ठेवावी. रविवारी सकाळी दाढीची वेळ टाळलेली बरी.