सॉफ्टनर: अकरा महिने, दीड क्विंटल मीठ

गेल्या मंगळवारी अंगाला साबण लावला आणि फेसच येईना. पायांवर ती ओळखीची पांढरट, चिकट साय. साडेएकतीस हजार मोजून जिला घरातून घालवली होती, ती अकरा महिन्यांनी परत हजर. ओल्या केसांनीच एक स्टार द्यायला बसले होते. दिला नाही, कारण पाण्याचा जडपणा घालवणाऱ्या या यंत्राच्या बाबतीत एकदा चूक कंपनीची झाली आणि एकदा माझी.

आम्ही वाघोलीत राहतो, बोअर आणि टँकरवर. दगडखाणींचं गाव. काळ्या कातळाच्या भेगांतून मुरलेलं पाणी कॅल्शियम-मॅग्नेशियम घेऊनच वर येतं. माझं माहेर पेठेतलं, खडकवासल्याच्या पाण्यावरचं. 'दुष्फेन पाणी' हा शब्द शाळेत मार्कांपुरता पाठ केला होता, त्याचा अर्थ लग्नानंतर कळला. तीन वर्षांत गीझरची कॉइल दोनदा बदलली. दुसऱ्या वेळी प्लंबरने टाकी उघडली तर आतून अर्धी बादली चुन्याचे पापुद्रे निघाले. शॉवरला दर महिन्याला लिंबूसत्त्वाच्या पाण्याची पिशवी बांधून ठेवायची. टॉवेल वाळले की पापडासारखे उभे राहायचे.

म्हणून 15 लिटर रेझिनचं, म्हणजे प्लास्टिकसारख्या बारीक मण्यांचं, ऑटोमॅटिक सॉफ्टनर घेतलं, फक्त बाथरूम आणि वॉशिंग मशीनच्या लाइनवर. स्वयंपाकघर मुद्दाम सोडलं. रेझिन कॅल्शियम धरून ठेवतं आणि बदल्यात सोडियम सोडतं, आणि सासूबाईंना रक्तदाब आहे. त्यामुळे आमची तूरडाळ अजूनही बोअरच्या पाण्यात पाच शिट्ट्यांनी दातांत कचकचते. आरओचं पाणी घेतलं की तीन शिट्ट्यांत मेणासारखी होते. सासूबाई मात्र डाळीलाच दोष देऊन चिमूटभर सोडा टाकतात.

पहिले सात महिने सुखाचे गेले. सुरुवातीला अंग बुळबुळीत लागतं, साबण निघालाच नाही असं वाटून आपण आणखी पाणी ओततो. आठवड्यात सवय होते. कपड्यांची पावडर निम्म्यावर आली. नळांवर पांढरं चढायचं थांबलं.

मग एप्रिल. बोअर खाली गेली, टँकर वाढले. कॅल्शियमने भरलेलं रेझिन यंत्र दर पाच दिवसांनी आपोआप धुतं, पण त्यातले शेवटचे दीड-दोन दिवस पाणी पुन्हा जड. कंपनीचा माणूस आला. त्याने खिशातून टीडीएसचं, म्हणजे पाण्यात विरघळलेले एकूण क्षार मोजायचं, पेन काढलं. आत येणारं पाणी 820, बाहेर पडणारं 830. "मॅडम, मशीन ओके आहे. टीडीएस कमी करायला आरओ लागेल." मी म्हटलं, "दादा, ते पेन ठेवा खिशात. कॅल्शियमच्या जागी सोडियम आलं तर टीडीएस तेवढाच राहणार. बिघडलेल्या यंत्रालाही तुमचं पेन ओकेच म्हणेल." हे ज्ञान माझं नाही, थेंब टाकून पाण्याचा जडपणा तपासायच्या किटच्या कागदावरचं. त्या किटमध्ये पाणी लाल होतं आणि निळं होईपर्यंत थेंब मोजायचे, एका थेंबाला लिटरमागे 25 मिलिग्रॅम जडपणा. बसवताना 18 थेंब लागले होते, म्हणजे 450. आता 28 लागले, म्हणजे 700. पिण्याच्या पाण्याच्या आयएस 10500 मानकात 200 बरं आणि दुसरी सोयच नसेल तर 600 पर्यंत चालवून घ्या, असं आहे. यंत्रात किती दिवसांनी धुवायचं तो आकडा अजून बसवतानाचा, सप्टेंबरचाच होता. पाणी इतकं जड झालं तर रेझिन पाच दिवस पुरणार कसं? उन्हाळ्यात हा आकडा बदलायचा असतो, हे बसवताना कुणी बोललं नव्हतं. त्याने बटणं दाबून पाचाचे तीन दिवस केले आणि 590 रुपये घेतले. ते 590 मी अजून विसरलेले नाही.

आता मीठ. यंत्र रेझिन धुतं ते मिठाच्या पाण्याने, आणि एका धुण्याला सव्वादोन किलो जातं. त्यांचं गोळ्यांचं मीठ 28 रुपये किलो. मे महिन्यात मार्केट यार्डात खडेमीठ दिसलं, पन्नास किलोचं पोतं सहाशेला, म्हणजे बारा रुपये किलो. मीठ ते मीठ! नवरा म्हणाला, "वॉरंटी बघ." मी पोतं घरी आणलं.

जून कोरडा होता, निभावलं. जुलैत हवा ओली झाली. मिठागरातल्या खडेमिठात मॅग्नेशियमचे क्षार असतात, ते हवेतला ओलावा ओढतात. मंगळवारी मिठाच्या टाकीत पाहिलं तर वर मीठ काठोकाठ. केरसुणीचा दांडा टेकवला तर दगड. जोर लावला तसा दांडा खापरी फोडून खाली गेला, आणि खाली पोकळ! मिठाचा पूल झाला होता आणि त्याखालून यंत्र दर तीन दिवसांनी साध्या पाण्यानेच रेझिन धुत होतं. तळाशी चार बोटं गाळ. शिवाय ज्या मॅग्नेशियमला हाकलायचं तेच मी पैसे देऊन आत भरत होते. टाकी रिकामी केली, गाळ पुसला, गोळ्यांचं मीठ भरलं, लागोपाठ दोनदा धुणं चालवलं. यंत्रातून बाहेर पडणाऱ्या पाण्याला किटचा एक थेंब पुरला. एक स्टारचे चार केले.

पाचवा देणार नाही, तो धुण्याच्या पाण्यापायी. दर वेळी सव्वाशे लिटर गटारात, आणि टँकरचे पैसे आम्ही भरतो. मी बादल्या लावून मोजलंय. रात्री दोनची वेळ बदलून सकाळी सहाची केली, प्रत्येक धुण्यातलं शेवटचं तीस-पस्तीस लिटर पाणी पिंपात धरते आणि संडासात वापरते. मधलं खारट पाणी तसंच जातं. ते झाडांना घालू नका. मी मोगऱ्याला घातलं, आठवड्यात पानं कडेने करपली.

एका वर्षाच्या सर्व्हिस कराराचे 3,200 मागताहेत. दांडा माझ्याकडे आहे आणि किटही, त्यामुळे घेणार नाही. उरलेलं तीसेक किलो खडेमीठ बाल्कनीत पडलंय. वाघोलीत कुणाला लोणच्याला हवं असेल तर घेऊन जा. पोतं तेवढं परत द्या.