घरी येणाऱ्या केअरटेकर सेवेचा आठ महिन्यांचा अनुभव, पुणे (५ पैकी साडेतीन स्टार)

बाबांना एमएनडी आहे, म्हणजे मोटर न्यूरॉन डिसीज, यात स्नायू चालवणाऱ्या नसा हळूहळू निकामी होतात, आणि सोबत एफटीडी, म्हणजे फ्रंटोटेम्पोरल डिमेन्शिया. एमएनडीच्या साधारण १० ते १५ टक्के पेशंटना हे दोन्ही असतं. ब्युरोला फोनवर सगळं सांगितलं तर मॅडम म्हणाल्या, काळजी करू नका, आमची मुलं डिमेन्शियाचे पेशंट सांभाळतात. पण त्यांच्या लेखी डिमेन्शिया म्हणजे विसरणं. आमचे बाबा काही विसरत नाहीत हो, पेन्शनची तारीख अजून पाटीवर लिहून दाखवतात, बदललाय तो स्वभाव. आई तापाने फणफणलेली तरी यांचं एकच, शिरा कर.

पहिला मुलगा उचलणं, अंघोळ, व्हीलचेअर यात एक नंबर. पण आत्या गेल्याचा फोन आला आणि बाबा हसायला लागले ते थांबेचनात, तर हा म्हणतो "आजोबा, शोभतं का हे?" आई आत जाऊन रडली. ते हसू त्यांच्या हातात नसतं, स्यूडोबल्बर अफेक्ट म्हणतात त्याला, आत दुःख असलं तरी बाहेर हसूच फुटतं. मग पुढच्याच आठवड्यात त्याने शिऱ्याची अख्खी वाटी बाबांच्या पुढ्यात ठेवली. एफटीडीमुळे बाबा पहिला घास गिळायच्या आत दुसरा कोंबतात, आणि एमएनडीने गिळायचे स्नायू आधीच कमजोर. असा ठसका लागला की ओठ निळे पडले, ते चित्र अजून डोळ्यांसमोरून जात नाही.

तक्रार केल्यावर बदली माणूस यायला सहा दिवस लागले, महिन्याचे पैसे मात्र आधीच घेतलेले, दीड स्टार त्याचा कापला.

आता जे दादा येतात ते सोनं आहेत. छोटा चमचा, वाटी नजरेआड, हनुवटी जरा खाली, आणि गळ्याची हालचाल बघूनच पुढचा घास, पाणीसुद्धा थिकनर, म्हणजे दाट करायची पावडर, घालून. बाबांनी चिडून हात उगारला तर वाद नाही घालत, "बरं काका" म्हणून खिडकीशी नेतात, बसेस बघत बाबा दहा मिनिटांत शांत होतात. आईसुद्धा आता दुपारची झोपते.

कोणाला माणूस ठेवायचा असेल तर ट्रायलला जेवणाच्या वेळीच बोलवा. आमची ट्रायल अंघोळीच्या वेळी झाली होती.